स्वभाव बदलला, की मेंदू आजारी?

महोदय,

घरातला एखादा शांत, समंजस माणूस पन्नाशीनंतर तिरसट, बेफिकीर वागू लागला की 'वय झालं, स्वभाव फिरला' म्हणून आपण विषय सोडून देतो. कधी थेट त्याच्या संस्कारांवर घसरतो. हे थांबायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

१८४८ मध्ये अमेरिकेत फिनिअस गेज या रेल्वेमार्गावरच्या मुकादमाच्या गालातून घुसलेली मीटरभर लांबीची लोखंडी पहार कवटी फोडून वर निघाली. तो वाचला, चालू-बोलू लागला. पण पूर्वीचा जबाबदार माणूस आता शिवराळ आणि धरसोड वृत्तीचा झाला, असं त्याच्या डॉक्टरांनीच लिहून ठेवलं. इजा झाली होती मेंदूच्या कपाळामागच्या भागाला. आवेग आवरणं, पुढचा विचार करणं, चारचौघांत कसं वागावं हे ओळखणं, यात याच भागाचा मोठा वाटा असतो.

फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया या मेंदूच्या आजारात हा भाग कसलाही मार न लागता हळूहळू झिजतो, बहुधा ४५ ते ६५ या वयात. सुरुवातीला स्मरणशक्ती बऱ्यापैकी शाबूत असते, म्हणून तर कुणाला आजाराची शंकाही येत नाही! अनोळखी माणसाला लागेल असं बोलणं, गोडाची अनावर ओढ, जवळच्यांच्या दुखण्यातही कोरडेपणा असं काही नव्याने दिसलं, तर भांडत बसण्याऐवजी मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावं. हा आजार पूर्ण बरा करणारं औषध अजून नाही. पण तपासणीत थायरॉईडचा बिघाड, बी-१२ ची कमतरता किंवा मेंदूतली गाठ निघाली, तर त्यावर उपचार आहेत.

– एक वाचक