जुनी रिव्हॉल्व्हर घासू नका हो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी जुन्या वस्तू जपण्यावर आपल्या पेपरात जे आलंय त्यात एक ओळ आहे, जुनी हत्यारं पॉलिश करून चकाचक ठेवली की किंमत वाढते. वाचून माझा चहा गार झाला. तलवारीचं मला माहीत नाही, पण रिव्हॉल्व्हरचं साफ उलटं असतं, आणि मी ते पदरचे पैसे घालवून शिकलोय.

आमच्याकडे आजोबांची वेब्ली मार्क फोर आहे, बत्तीस बोअर, लायसन आधी वडिलांच्या आणि आता माझ्या नावावर. बर्मिंगहॅमची बनावट, मधून मोडून उघडते आणि उघडली की काडतुसांची टरफलं आपोआप वर येतात (आपल्या कानपूरच्या सरकारी कारखान्याची बत्तीसची पण याच धर्तीवरची). 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली, गावभागातलं आमचं घर पाण्यात, निघायच्या गडबडीत कपाट तसंच राहिलं. पाणी उतरल्यावर लेदरच्या कव्हरातून काढली तर सगळीकडं तांबूस गंज. घाबरून एका दुकानदाराकडे दिली, त्यानं बफिंगच्या चाकावर धरली आणि वरनं बाटलीतला निळा रंग पुसून दिला. घरचे खूश, नवीकोरी दिसते म्हणून! मग लायसनच्या रिन्यूअलला नेली तर फ्रेमवरच्या नंबरातला एक आकडा 3 का 8 तेच कळेना, साहेब भिंग लावून बघतायत आणि मला इकडं घाम. हत्यारावरचा नंबर खोडणं 1959 च्या आर्म्स ॲक्टच्या कलम 8 मध्ये बसतं हे तेव्हा कळलं. जुने कागद होते म्हणून निभावलं.

मग मिरजेच्या एका जाणत्या काकांनी शिकवलं. (मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारेच की, हत्यारं पारखणं त्या गावाला नवं नाही.) आधी उघडून रिकामी आहे का बघायचं, मग बाकीचं. मूळ निळा, म्हणजे कारखान्यात पोलादावर चढवलेला काळपट निळा थर, कुठं उडालाय ते बघा, नळीच्या तोंडाशी आणि कडांना कव्हर घासून उडालेला असेल तर ते खरं वय, पण गंजाच्या खड्ड्यांच्या आतपण एकसारखा चकचकीत निळा दिसला की समजायचं नंतर चढवलाय. हत्यारावर ठोकलेल्या अक्षरांच्या कडा बोटाला लागल्या पाहिजेत, गुळगुळीत झाल्या असतील तर चाक फिरलंय. स्क्रूच्या खाचा फाटलेल्या दिसल्या तर कुणीतरी चुकीच्या पेचकसानं उघडलीय. नंबर ज्या ज्या भागावर असेल तिथं एकच हवा. रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा घोडा ओढून सिलिंडर हलवून बघा, खडखड करत असेल तर आतलं झिजलंय. उघडून मागनं टॉर्च मारली की नळीतले गोळीला फिरकी देणारे आटे दिसतात, तिथं काळे खड्डे असतील तर बाहेरून कितीही सुंदर असू दे, उपयोग नाही. गंजाला हलकं तेल आणि मऊ फडकं एवढंच, तेही दोनचार दिवस मुरवून. आणि लेदरच्या कव्हरात कधीच ठेवू नका, चामडं दमट हवा धरून ठेवतं, आमचं तर पुराचं पाणीच धरून बसलेलं.

जुन्या बाजारात कुणी “अँटिक आहे, लायसन लागत नाही” म्हणून गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. जे दुरुस्त करूनही चालणार नाही त्यालाच सूट आहे. आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला बंदुका-रिव्हॉल्व्हर मिळून तीनाऐवजी दोनच, वारशानं आलेली धरून.

2024 च्या जुलैत लंडनच्या म्युझियममधली वाघनखं साताऱ्याला आली तेव्हा आम्ही सगळे जाऊन बघून आलो, काळपट पोलाद होतं, कुणी घासून आणलं नव्हतं. तर ती पॉलिशची ओळ कृपया दुरुस्त करून छापा, नाहीतर आणखी चारपाच जण चाकावर धरतील.

आमच्या वेब्लीच्या मुठीची पट्टी काढली की खाली बोटभर जागा आहे, तिथं चाक पोचलं नव्हतं. आजोबांच्या वेळचा निळा आता तेवढाच उरलाय.

आपला,
एक वाचक, गावभाग, सांगली