रोप हलवण्याआधी त्याचे बीजाणू तपासा: वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी ठाण्यात वनस्पतिशास्त्र शिकवते. रस्ता किंवा इमारत आली की तिथली दुर्मीळ रोपं उचलून दुसरीकडे लावू, असं आश्वासन मिळतं. मग किती रोपं जगली याचा आकडा दाखवला जातो. आयसोएटिससारख्या पाणवनस्पतीत हा आकडा फसवतो.

दिसायला ही डबक्यात उगवलेली कांद्याची पात, पण हिचं नातं कोळशाच्या युगातल्या महावृक्षांशी आहे. हिला फूल नाही, बी नाही. पानांच्या बुडाशी बीजाणूंच्या, म्हणजे बियांऐवजी वंश वाढवणाऱ्या बारीक कणांच्या, पिशव्या असतात. त्यांतल्या मोठ्या बीजाणूंपासून मादी पिढी होते, बारीक बीजाणूंपासून नर. बीजाणू पोकळ निघाले तर रोप हिरवंगार राहतं आणि वंश मात्र तिथेच थांबतो.

चीनमधली संकटग्रस्त आयसोएटिस सायनेन्सिस ११ गुणसूत्रांच्या चार संचांची आहे, म्हणजे ४४ गुणसूत्रांची. ज्या पेशींपासून बीजाणू बनतात त्या मातृपेशींच्या अर्धगुणसूत्री विभाजनात गुणसूत्रं जोड्या जमवून निम्मी-निम्मी वाटली जातात; तिच्यात मात्र काही गुणसूत्रं जोडीविना उरलेली, काही मागे रेंगाळलेली, काही दोन टोकांमध्ये पुलासारखी ताणलेली आढळली. मागे राहिलेल्यांची मुख्य केंद्रकाबाहेर वेगळी छोटी केंद्रकं होतात आणि बीजाणूंच्या वाट्याला कमी-जास्त गुणसूत्रं येतात.

हे आपल्यालाही लागू आहे. महाराष्ट्रात पाचगणीच्या पठारावर या कुळातल्या जाती आहेत. सह्याद्रीच्या नावाची आयसोएटिसची एक जात वनस्पतिशास्त्रज्ञ टी. एस. महाबळे यांनी जगासमोर आणली. आयसोएटिस कोरोमंडेलिना या जातीत तर ३३ गुणसूत्रांची रोपं नोंदली गेली आहेत. ११ चे तीन संच; दोघांची जोडी जमली तरी तिसरा एकटाच. २२ वाली आणि ४४ वाली रोपं एका तळ्यात आणून सोडली, तर त्यांच्या संकरातून असंच ३३ चं रोप येऊ शकतं. म्हणजे वाचवायच्या भरात आपणच वांझ पिढी तयार करू. मला खरी धास्ती याची वाटते.

तपासणी महागडी नाही. पावसाळ्यात कोवळ्या बीजाणुपिशव्या काढायच्या, अल्कोहोल-ॲसेटिक आम्लात ठेवायच्या, ॲसिटोकार्माइनने रंगवून काचपट्टीवर दाबायच्या. पेशी योग्य टप्प्यावर सापडणं कठीण असतं, त्यामुळे सराव आणि चिकाटी लागते. पण साधा सूक्ष्मदर्शक महाविद्यालयात असतोच, आणि मुलंही हे काम आवडीने करतील.

म्हणून विनंती अशी: बीजाणूंचा आणि गुणसूत्रांचा अहवाल पाहिल्याशिवाय अशा वनस्पतींच्या स्थलांतराला परवानगी देऊ नये, आणि वेगवेगळ्या ठिकाणची रोपं एकत्र लावू नयेत. येऊर आणि खारघरच्या माथ्यावरच्या पावसाळी डबक्यांची, ठाण्यातल्या तलावांच्या उथळ काठांची पाहणी येत्या पावसाळ्यात व्हावी, आणि ती होईपर्यंत तिथे दगडी काठ बांधू नयेत. पाहणीसाठी आमच्यासारखे शिक्षक विनामोबदला येतील; विभागाने फक्त लेखी परवानगी द्यावी.

आपली,
वनस्पतिशास्त्राची एक शिक्षिका, ठाणे