मशीन द्या, पण योग्य जागी

संपादक महोदय,

हातमाग आधुनिक करायचा म्हटलं की लगेच पॉवरलूमचं नाव निघतं आणि तिथेच चुकतं, हे येवल्यात राहून मला रोज दिसतं. पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली, म्हणजे धाग्याची छोटी कांडी, हाताने फिरवतात, धाग्यात धागा अडकवत नक्षी उठवतात, म्हणून साडी उलटी केली तरी मागे मोकळे धागे लोंबत नाहीत. तेवढं काम हातानेच राहू द्या हो, गिऱ्हाईक त्याचेच पैसे मोजतं.

मशीन पाहिजे ते बाकीच्या कामाला. कांड्या भरायला छोटी मोटर, लाईट गेली तरी चालेल असं सोलर, आणि नवीन ताण्याची, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांची, हजारो टोकं जुन्याला एकेक जोडताना बायकांचे डोळे नि मान जाते तिथे चांगला उजेड, पाठीला आधार देणारी बैठक. नक्षी आधी कॉम्प्युटरवर काढून रंग बदलून गिऱ्हाईकाला दाखवली तर विणून झाल्यावर नको म्हणायची वेळ येत नाही. यातलं काही फार महाग नाही, पण साडी विकेपर्यंत ज्याचा पैसा मागावरच अडकलाय त्या विणकराने ते आणायचं कुठून? अनुदान इथे द्या ना.

हातमागाला वीज लागत नाही हे छानच, पण रेशीम रंगवल्यावरचं पाणी जातं कुठे हेही विचारा. घरोघरी रंगवण्यापेक्षा पाणी शुद्ध करून परत वापरणारी एक सामाईक रंगशाळा काढा. नैसर्गिक रंगही जरूर वापरावेत, फक्त हळदीचा पिवळा उन्हात उडतो हे गिऱ्हाईकाला आधी सांगा.

सगळ्यात मोठं दुखणं नकलेचं आहे. 2010 मध्ये पैठणीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, हातमागासाठी काही कापड राखून ठेवणारा कायदा तर 1985 चा, तरी मशीनची साडी हातमागाची म्हणून सर्रास विकली जाते आणि खऱ्या विणकराला तिच्या भावाशी झगडावं लागतं. मोबाईलवर तपासता येईल असा क्यूआर कोड प्रत्येक साडीला द्या, त्यात माग कुठला, रेशीम-जर कसली, विणायला किती दिवस लागले सगळं असू दे. पण तो दुकानात चिकटवायचा नाही, त्याची पण कॉपी निघेल. साडी मागावरून उतरायच्या आधी तपासणी करून तिथेच लावायचा.

एक वाचक, येवला