गाठ नसली तरी कर्करोग असू शकतो

मा. संपादक,
स. न.

मंगळवारच्या आरोग्य पुरवणीत स्तनाच्या कर्करोगाला अर्धे पान दिलेत, त्याबद्दल आभार. पण ‘गाठ लागत नसेल आणि मॅमोग्राफी नॉर्मल असेल तर निर्धास्त राहा’ हे वाक्य ठळक चौकटीत कोणाला विचारून टाकले?

माझ्या थोरल्या जाऊबाईंना गाठ नव्हती. डाव्या स्तनाग्राला खाज सुटायची, खपली धरायची, ती निघाली की खाली लाल, ओलसर चट्टा. ब्लाउजला आतून पिवळट डाग पडायचे, म्हणून त्या कापसाची घडी ठेवायच्या आणि घरात अवाक्षर काढायच्या नाहीत. डॉक्टरांनी इसब ठरवून मलम दिले. चार दिवस बरे वाटे, मग पुन्हा तेच. मॅमोग्राफीही (स्तनाचा एक्स-रे) नॉर्मल आली. पावसाळा गेला, दिवाळी गेली, स्तनाग्र आत ओढले जाऊ लागले, तेव्हा कुठे एका सर्जन बाईंनी जागा बधिर करून कातडीचा इवलासा तुकडा तपासायला पाठवला, म्हणजे बायॉप्सी केली. पॅजेटचा आजार, म्हणजे स्तनाग्राचा कर्करोग निघाला.

लंडनच्या जेम्स पॅजेट यांनी हे १८७४ सालीच लिहून ठेवले आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या १०० रुग्णांत १ ते ३ जणींना होतो; दुर्मीळ आहे, मान्य. पण इसब बहुधा दोन्हीकडे येते आणि हा एकाच बाजूला, स्तनाग्रापासून सुरू होऊन भोवतालच्या काळसर भागाकडे सरकतो, एवढे दोन ओळींत मावले असते. बहुतेकींच्या स्तनात आतही कर्करोग असतो आणि तो मॅमोग्राफीत दिसेलच असे नाही. जाऊबाईंचा एमआरआयमध्ये दिसला, स्तनाग्रामागच्या नलिकांपुरता. म्हणून स्तनाग्र, भोवतालचा काळसर भाग आणि मागचा भाग काढून, नंतर रेडिएशन देऊन बाकीचा स्तन राखता आला. आत दूरवर पसरला असता तर सगळा काढावा लागला असता. तुमच्या लेखात शस्त्रक्रिया म्हणजे सगळा स्तन काढणेच. त्याच धास्तीने बायका दुखणे अंगावर काढतात.

आणि त्या लेखाच्या खालीच ‘जुनाट खाज-इसब मुळापासून घालवा’ अशी मलमाची जाहिरात! जाहिरात विभाग वेगळा असतो, असे कृपया कळवू नका. वाचणारीच्या हातात पान एकच येते.

पुढच्या मंगळवारी त्याच जागी, तेवढ्याच चौकटीत छापा: एकाच स्तनाग्रावरची खाज, खपली किंवा स्राव मलमाने दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, किंवा जाऊन परत आला, तर मॅमोग्राफी नॉर्मल असली तरी बायॉप्सीबद्दल डॉक्टरांना विचारा.

— एक वाचक, मिरज
(जाऊबाईंच्या इच्छेनुसार नाव छापू नये.)