बेळगाव उद्यमबागच्या मिस्त्री मामांना, अर्धवर्तुळासाठी मनापासून थँक्यू

मिस्त्री मामा, नमस्कार.

फोनवर आभार मानले तरी मन भरेना म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितेय. सुट्टीच्या दिवशी घरी आराम करायचा सोडून तुम्ही पिशवीत सागवानी कोअर बॉक्स (ओतीव वस्तूत पोकळी राहावी म्हणून आत ठेवायचा वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, पाडायचा साचा), कानस आणि गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) घालून बेळगावहून खानापूर तालुक्यातल्या आमच्या शाळेत आलात, हेच केवढं मोठं.

आमच्या पोरांना करंजी पण अर्धगोल, चंद्रकोर टिकली पण अर्धगोल. पुस्तकात अर्धवर्तुळ, कन्नडमध्ये अर्धवृत्त, तुमच्या फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, हाफ राउंड. तुम्ही आधी हाफ राउंड कानस त्यांच्या हातात दिलीत आणि विचारलंत, ही खरंच अर्धी हाय काय? सगळी ओरडली होय की! मग तुम्ही तिचा छेद कागदावर काढून गोल पुरा करून दाखवलात तर ती अर्ध्यापेक्षा बरीच कमी भरली. कानशीला ते चालतं, कोअर बॉक्सला चालत नाही म्हणालात, आणि का चालत नाही ते इतकं सोपं सांगितलंत... ६० मिमीचा गोल असेल तर खोली ३० मिमीच पाहिजे, कमी पडली तर दोन भाग जोडल्यावर कोअर चपटा होणार, आणि बाजू अर्ध्याच्या पुढं जाऊन आत वळल्या तर वाळूचा कोअर आतच अडकणार, निघायचाच नाही.

आणि मग तो गुण्या! त्याचे दोन्ही हात बॉक्सच्या दोन कडांना टेकवून त्याचा कोपरा आतून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलात. सगळीकडे कोपरा लागला म्हणजे अर्धवर्तुळ बरोबर. कोपरा लागला पण हात कडेवरून उचलले तर तिथं लाकूड अजून काढायचंय, हात टेकले आणि कोपऱ्याखाली उजेड दिसला तर जास्त कोरलं गेलंय. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो हे प्रमेय मी दरवर्षी फळ्यावर सिद्ध करते, पोरं पाठ पण करतात, एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, मार्क पण मिळतात, पण उद्यमबागेत पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने, करणारा माणूस त्याच्यावर रोज काम तपासतो हे बघितल्यावर त्यांचे चेहरे बघायला पाहिजे होते तुम्ही. मागच्या बाकावरची, कधीच तोंड न उघडणारी पोरं गुण्यासाठी भांडत होती! मला तर हे प्रमेय शिकवायला इतकी चांगली वस्तू कुठल्याच ट्रेनिंगमध्ये कुणी दाखवली नव्हती.

आता त्यांचा एक प्रश्न उरलाय. लाकूड कोरून काढल्यावर मध्यबिंदू हवेत राहतो, मग त्याच्यावर कंपासचं टोक टेकवायचं कुठं? एक पोरगी म्हणते वर आडवी पट्टी मारायची, बाकीच्यांना पटेना. गणपतीनंतर सवड काढून या आणि तुम्हीच सांगा. जेवायला आमच्याकडेच, मामींना पण घेऊन या.

तुमची,
गणिताची टीचर