रिपेंट केलंय तर रिपेंट म्हणूनच विका

संपादक साहेब, नमस्कार.

मी टॉवेल कारखान्यात डाईंगला आहे, दिवसभर शेड मॅच करायचं काम, आणि रात्री जेवण झालं की घरी परत रंगच, फक्त टॉवेलऐवजी ॲक्शन फिगर, म्हणजे हातपाय वाकणारी खेळण्यातली माणसं. मोडक्या-जुन्या फिगर आणायच्या, खोलायच्या, आहे तो रंग काढायचा आणि आपल्या मनाने नव्याने रंगवायच्या, यालाच रिपेंट म्हणतात. दोस्त म्हणतात काय बे, पोरगी दहावीला आली अन् तू बाहुल्या खेळालास. म्हणू देत, 1964 साली हॅस्ब्रो या अमेरिकन खेळणी कंपनीने 12 इंची जी.आय. जो हा सैनिक काढला तेव्हा पोरं बाहुली घेणार नाहीत म्हणूनच तर त्याला ॲक्शन फिगर म्हणायला लागले, म्हणजे ही लाज जुनीच आहे.

पत्राचं कारण वेगळंय. मागच्या महिन्यात एका मित्राने मोबाइलवर फोटो दाखवला, फनस्कूल या भारतीय खेळणी कंपनीचा जी.आय. जो, पावणेचार इंची, "रेअर इंडियन कलर", किंमत 4500. आता फनस्कूलने आपल्याकडे बनवलेल्या जोंचे रंग अमेरिकेतल्यापेक्षा बरेचदा वेगळे असायचे आणि बाहेरचे कलेक्टर ते मुद्दाम शोधतात, त्यामुळे कुणालाही खरंच वाटणार. मित्र तर पैसे पाठवायच्याच बेतात. मी फोटो मोठा करून बघितला तर डाव्या बुटावर वार्निशखाली ब्रशचा एक केस अडकलेला. अहो, तो माझ्याच ब्रशचा! पँटचा बाटली हिरवा पण मीच मिसळलेला, अर्धा शेड गडद झाला म्हणून तेव्हा स्वतःलाच शिव्या घातलेल्या. तीन वर्षांपूर्वी गल्लीतल्या एका पोराला फुकट दिला होता, तिथून कुठं कुठं फिरला देव जाणे.

विकणाऱ्याला माहीत होतं की नव्हतं ते मी सांगू शकत नाही, पण घेणाऱ्याने एवढं तरी बघावं. पाठीचा स्क्रू काढला की हा फिगर दोन भागात उघडतो, आत काळा रबरी ओ-रिंग असतो ज्यावर कंबर आणि पाय अडकलेले असतात. कंपनीत प्लास्टिकच रंगीत ओततात, म्हणजे छाती बाहेरून हिरवी तर आतूनही हिरवी पाहिजे, बाहेर हिरवी आणि आत खाकी निघाली तर कुणीतरी हात मारलाय. नाहीतर कोपर, गुडघा चार-पाच वेळा वाकवून बघा, रिपेंटचा रंग पहिला तिथंच खरवडतो. म्हणून तर आम्ही सांधा आधी पॉलिश पेपरने किंचित घासून घेतो आणि ॲक्रिलिकचे पातळ पातळ हात देतो. (जुना रंग काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानात घालायची कापसाची काडी घ्या. बायकोचं नेलपॉलिश रिमूव्हर घेऊ नका, त्यातल्या ॲसिटोनने प्लास्टिकच वितळतं, माझा एक जण नाक गमावून बसलाय.)

आणि उन्हाळ्यात सोलापुरात दुपारी स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा पहिला हात) मारायच्या नादी लागू नका, 42 डिग्रीला तो हवेतच वाळतो आणि अंगावर रव्यासारखा बसतो. पहाटे मारा, धूळ पण कमी असते.

माझं म्हणणं एवढंच की आपण रंगवणाऱ्यांनी पायाच्या तळव्याला बारीक अक्षरात रिपेंट आणि साल लिहावं. चुकलो मीच पहिला, तेव्हा लिहिलं नव्हतं. आणि विकणाऱ्याने ते खोडू नये. रिपेंट म्हणून सांगून विकलं तरी घेणारे आहेतच की, मेहनतीचे पैसे मिळतात.

त्या विकणाऱ्याला मी फोन करून केसाचं सांगितलं. आधी भांडला, मग गप्प झाला, शेवटी 300 रुपयात दिला. काल घरी आलाय. केस काढला नाही, तळव्याला तेवढं लिहून टाकलं.

आपला एक वाचक,
सोलापूर