सूचना: मूल बोलू लागलं तर

सर्व शिक्षक-समुपदेशक सदस्यांना नमस्कार.

घरातली मारहाण आणि वर्गातली दादागिरी यांवर मुलांशी सत्रं घेताना एक लक्षात असू द्या. सत्र संपलं की एखादं मूल मागे रेंगाळतं, दप्तराची चेन उगाच उघडझाक करत राहतं. त्याला घाई करू नका. ‘कुणाला सांगणार नाही’ असा शब्द तर मुळीच देऊ नका. मुलाला धोका असेल तर तो शब्द मोडावाच लागतो आणि मग मूल पुन्हा तोंड उघडत नाही. ‘तुझी चूक नाही, सांगितलंस ते बरं केलंस’ एवढं पुरे. खोदून विचारणं आपलं काम नाही. त्याचेच शब्द त्याच दिवशी लिहून ठेवा आणि बालसंरक्षणाची जबाबदारी असलेल्या व्यक्तीला कळवा. ज्या पालकावर संशय आहे त्याला परस्पर फोन नको. त्याचा राग मुलावरच निघतो.

‘घरचा मामला’ म्हणून सोडून देऊ नये. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचं कलम १९ पालकांच्या हातून होणाऱ्या हिंसेलाही लागू आहे.

दादागिरी करणारा मुलगाही कधीकधी घरी मार खात असतो. त्याला थांबवायचंच, पण त्याच्याशी वेगळं बोला. त्याला आणि त्रास सोसणाऱ्या मुलाला समोरासमोर उभं करून ‘हात मिळवा’ हा प्रकार मात्र कृपया बंद.